पाककृतीबरोबर तिचा महिनाही छापावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीतील पाककृतींचे पान मी गेली अनेक वर्षे न चुकता वाचत आले आहे. त्या पानावरच्या कितीतरी कृतींची कात्रणे माझ्या वहीत चिकटवलेली आहेत आणि त्यांतल्या काही तर आता आमच्या घरच्याच होऊन गेल्या आहेत, इतक्या की त्या मुळात वर्तमानपत्रातून आल्या हे नातवंडांना ठाऊकही नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचा मजकूर तक्रारीच्या सुरात असला तरी तो आपुलकीतून लिहिला आहे.

यंदा ज्येष्ठात, बडोद्यात पहिला पाऊस अजून पडायचा होता तेव्हा, आपण मटारच्या करंज्यांची कृती छापलीत. ऐन श्रावणात गाजराचा हलवा आला. आणि कार्तिकाच्या शेवटच्या रविवारी, दारात तुरीच्या शेंगांच्या हातगाड्या उभ्या राहू लागल्या असताना, आंब्याच्या शिऱ्याची कृती आली. तिच्या साहित्यात डबाबंद आमरस लिहिलेला होता. त्याच पानावर एक टिपणही होते. भाज्या आणि फळे आता बारा महिने मिळत असल्यामुळे स्वयंपाकाला ऋतूचे बंधन उरलेले नाही, असा त्याचा आशय होता. ते वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. माझ्या आईने, सासूबाईंनी आणि मी स्वतः जो स्वयंपाक केला त्यात ऋतू आम्हांला बंधन म्हणून कधी जाचला नाही. उलट ‘आज काय करायचे’ या रोजच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर ऋतूच देत असे, आणि उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी आम्ही डोके चालवत असू.

माझी विनंती एवढीच आहे की, प्रत्येक कृतीखाली तीन-चार ओळींत ती कोणत्या महिन्यात करावी, त्यातली भाजी किंवा फळ कोवळे आहे की जून हे हाताने कसे ओळखावे, आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना ते कोणत्या नावाने मागावे लागेल, हेही छापावे. ही मागणी कुणाला किरकोळ वाटेल. पण ती का करावीशी वाटली, ते मला जरा सविस्तर सांगू द्या.

आधी नावाचेच घ्या. माझी सून पुण्याची. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात एकादशीला तिने रताळ्याच्या गोड चकत्या करायचे ठरवले आणि एकटीच खंडेराव मार्केटात गेली. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बांधलेल्या या देखण्या इमारतीत महानगरपालिकेची कचेरी आहे आणि तिथला भाजीचा, फळांचा आणि फुलांचा बाजार आम्हा बडोदेकरांच्या तीन-चार पिढ्यांनी पायाखाली घातला आहे. तिथे तिने रताळी मागितली. भाजीवालीने तिच्या पिशवीत काळपट, केसाळ, मातीने माखलेला एक ओबडधोबड कंद टाकला. सून म्हणाली, हे नको, रताळी हवीत. त्यावर ती बाई शांतपणे म्हणाली, ‘‘बेन, रताळू तो आ ज छे.’’ सून गोंधळून तो कंद घेऊन घरी आली. आपण फसलो या समजुतीने तिचा चेहरा अगदी उतरला होता. मी सुरी घेऊन कंद चिरला आणि आतला गर्द जांभळा रंग पाहिल्यावर ती थक्कच झाली. ते कोनफळ होते. गुजरातीत रताळू म्हणजे कोनफळ आणि आपली रताळी म्हणजे शक्करियां, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. कोनफळही उपासाला चालते, म्हणून त्या दिवशी त्याच्याच चकत्या तुपावर परतून गुळाच्या पाकात घातल्या. जांभळा रंग पाकात उतरला, चकत्या आतून लोण्यासारख्या मऊ झाल्या, आणि तेव्हापासून आमच्या घरी हिवाळ्यातल्या एकादशीला हाच प्रकार होतो.

अशी नावे पुष्कळ आहेत. दोडक्याला इथे तुरियां म्हणतात, घोसाळ्याला गलकां, करटोल्यांना कंकोडां, तोंडल्यांना टिंडोळां, डिंगऱ्यांना मोगरी, भोकरांना गुंदां. गायकवाडांच्या काळापासून बडोद्यात नांदणाऱ्या मराठी घरांत ही दोन्ही नावे सहज चालतात. एकाच वाक्यात आम्ही बाजाराचे नाव गुजरातीत आणि पानातले नाव मराठीत घेतो. आणलेली असतात तुरियां, वाढली जाते दोडक्याची भाजी. पण नव्याने येणाऱ्या मुलीला हे शिकायला वर्ष लागते, आणि वर्षच लागावे हेही योग्य आहे, कारण प्रत्येक भाजी आपल्या महिन्यात समोर आल्याशिवाय तिचे नाव मनात बसत नाही.

आता हिवाळ्याविषयी. बडोद्याचा हिवाळा थोड्या दिवसांचा असतो, पण भाजीबाजाराच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत संपन्न काळ तोच. पादरा तालुका भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या बाजूच्या आणि खाली सुरतेकडच्या मालाने मार्केट या दिवसांत हिरवेगार होते. पहिली येते ती ओली तूर. तिला इथे लीली तुवेर म्हणतात आणि सोललेल्या दाण्यांना लिलवा. तुरीच्या शेंगा सोलणे हे एकट्याने करण्याचे काम नव्हे. जेवणे आटोपल्यावर मधल्या खोलीत वर्तमानपत्र पसरायचे, मधोमध शेंगांचा ढीग ओतायचा, प्रत्येकाने आपापली वाटी घ्यायची आणि बोलत बोलत सोलत राहायचे. शेंग दोन्ही अंगठ्यांनी शिवणीवर दाबली की फट्‌ असा बारीक आवाज होतो आणि आत चार-पाच दाणे ओळीने बसलेले दिसतात. कोवळ्या दाण्यावर नख दाबले तर ते सहज रुतते आणि ओल सुटते. जून दाण्याचे साल नखाखाली सरकते आणि तो उसळीसाठी बाजूला ठेवायचा. मधूनच एखाद्या शेंगेत अळी निघते, मुले ओरडतात, आणि पुन्हा सगळे कामाला लागतात. दोन किलो शेंगांचे दाणे एका मध्यम पातेल्यात मावतात हे पाहून मुलांना दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटते. माझ्या घरातल्या कितीतरी महत्त्वाच्या गोष्टी या ढिगाभोवतीच ठरल्या आहेत. मुलाने नोकरी बदलायचे ठरवल्याचे आम्हांला पहिल्यांदा सांगितले ते हातातल्या शेंगेकडे पाहतच. गोठवलेल्या दाण्यांची पिशवी कात्रीने कापून थेट कढईत रिकामी करता येते, त्यात वेळ वाचतो हे खरेच आहे. पण त्या दोन तासांत आम्ही काय करत होतो हेही कुणीतरी लिहून ठेवले पाहिजे.

या लिलव्याची गुजराती कचोरी सर्वांना ठाऊक आहे. आमच्या घरी सासूबाईंनी तिला करंजीचा आकार दिला. दाणे भरड वाटून, तेलात हिंग, तीळ, आले आणि हिरवी मिरची घालून ते मंद आंचेवर रंग बदलेपर्यंत परतायचे, मग ओले खोबरे, कोथिंबीर, चवीला साखर आणि लिंबू. पारी मात्र रवा-मैद्याची, आपल्या दिवाळीच्या करंजीसारखी. शेजारच्या बेन ती चाखून म्हणत की ही कचोरी नाही, आणि माझी मावशी पुण्याहून आली की म्हणे, ही करंजी नाही. दोघींच्याही ताटल्या रिकाम्या होत.

पापडी त्यानंतरची. सुरती पापडी घेताना शेंग मधोमध मोडून पाहावी. ती कटकन तुटली आणि आतला दाणा जेमतेम धरलेला असला तर ती सालासकट शिजवायची, कारण तिची चव सालातच असते. पण एकेक शेंग दोन्ही कडांचे दोर काढून, उलगडून, आत पाहूनच निवडावी लागते. ही पापडी, लिलवा, कोनफळ, लहान बटाटे, रवैयां म्हणून मिळणारी भरायची लहान वांगी, कच्ची केळी, मेथीची मुठियां आणि भरपूर हिरवा लसूण असे एकत्र आले की उंधियुं होते. ऊंधुं म्हणजे पालथे. शेतात मडक्यात भाज्या भरून, तोंड पाल्याने घट्ट बंद करून, ते पालथे पुरून वर विस्तव पेटवायचा, या पद्धतीवरून हे नाव पडले. शहरातल्या घरांत ते पातेल्यातच होते. उत्तरायणाला गच्चीवर पतंग उडत असताना, डोळे आभाळाला लावलेले आणि एका हातात उंधियुं-जिलेबीची ताटली, हे दृश्य बडोद्यात वाढलेल्या कुणालाही परके नाही. त्याच्या आदल्या दिवशी मराठी घरांत भोगी असते. भोगीची भाजी आणि उंधियुं या दोन्हींकडे लागोपाठ दोन दिवस पाहिले म्हणजे लक्षात येते की, एकाच शेताकडे पाहून दोन भाषांतल्या बायकांनी केलेला हा विचार आहे. ओला हरभरा, पापडी, वांगी, गाजर, बोरे, उसाचे करवे, तीळ, शेंगदाणे हे त्या आठवड्यात शेतात जे तयार असते तेच आहे. आमच्या भोगीच्या भाजीत कोनफळाच्या फोडी आणि लिलवा कधी शिरले हे आता सांगता येणार नाही. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. ही भाजी मी मुलीच्या हट्टाखातर एकदा वैशाखात करून पाहिली होती. सगळे जिन्नस मिळाले होते, काही फ्रीजमधले आणि काही बाहेरगावचे. पण पापडी दोराळ, बोरांच्या जागी चिंच, हरभरा भिजवलेला. मुलीनेच दोन घास खाऊन ताट बाजूला सारले आणि म्हणाली, ‘‘आई, आपण संक्रांतीलाच करू.’’

हिवाळ्याबद्दल मी जास्त लिहिले याची मला जाणीव आहे, पण बडोद्यात राहून दुसरे कसे लिहिणार?

उन्हाळ्यात स्वयंपाकघर गच्चीवर जाते. मार्च-एप्रिलमध्ये वर्षाची हळद, तिखट, धणे-जिरे भरून घ्यायचे. गव्हाला आणि तुरीच्या डाळीला एरंडेल चोळायचे, म्हणजे वर्षभर कीड लागत नाही. हे काम हाताला चिकट आणि कंटाळवाणे असले तरी चोळून झालेला गहू कोठीत ओतताना होणारा जड, मऊ आवाज मला फार आवडतो. कुरडयांसाठी सासूबाई भालिया गहूच आणवत. भाल प्रदेशात हा गहू पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर पाटपाण्याशिवाय येतो. २०११ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तो तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून काढलेला सत्त्वाचा घाटा शिजला की, पहिली वाटी घरातल्या मुलांची. गरम चीक, त्यावर दूध-साखर किंवा तूप. कुरडई तळून वर्षभर खाता येते, पण चीक खायचा तो त्या सकाळीच.

छुंद्याविषयी मात्र थोडे थांबून सांगते, कारण माझ्या मागणीतले महिन्याचे महत्त्व मला सर्वांत महागात पडून कळले ते छुंद्यामुळे. छुंद्याला राजापुरी कैरी लागते. मोठी, घट्ट, रेषा नसलेली आणि आंबट. ती सोलून, जाड किसून, मीठ-हळद लावून काही वेळ ठेवायची आणि सुटलेले पाणी थोडे पिळून काढायचे. एक किलो किसाला सव्वा किलो साखर घालून ती विरघळेपर्यंत ढवळायचे आणि पातेल्याच्या तोंडाला पातळ मलमल बांधून ते गच्चीवर कडक उन्हात ठेवायचे. संध्याकाळी खाली आणायचे, ढवळायचे, सकाळी पुन्हा वर. आठ-दहा दिवसांत किसाला काचेसारखी झळाळी येते आणि बोटांत धरलेल्या पाकाची तार निघते. मग लाल तिखट आणि भाजून भरडलेले जिरे. यात चुलीचे काहीच काम नाही, सगळे शिजवणे उन्हाचे आहे, आणि म्हणूनच हातात वेळ मोजका असतो. बडोद्यात साधारण जूनच्या मध्यास पाऊस येतो, तेव्हा मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पातेले गच्चीवर गेलेच पाहिजे. एका वर्षी शाळेच्या परीक्षांची उत्तरपत्रिका तपासणी लांबली. मी शिक्षिका होते आणि त्या वर्षी दोन वर्गांचे गठ्ठे माझ्याकडे होते. कैरी आणली ती जूनच्या पहिल्या आठवड्यात. ती आतून पिवळसर होऊ लागली होती, आंबटपणा उतरला होता, हे किसताना दिसत होते. पण मी दुर्लक्ष केले. चार दिवस ऊन पडले, पाचव्या दिवशी ढग आले. सातव्या दिवशी मलमल सोडली तेव्हा आंबूस वास आला आणि कडेने बुडबुडे दिसले. पाच किलो कैरीचा तो सारा घाट टाकून द्यावा लागला. सासूबाई एक शब्दही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी अक्षय्यतृतीया झाल्याबरोबर त्यांनी माझ्या टेबलावर एक राजापुरी कैरी आणून ठेवली.

अक्षय्यतृतीयेचा उल्लेख आला म्हणून आठवले. आमच्याकडे त्या दिवशी पितरांना आणि देवाला दाखवल्याशिवाय आंबा खात नसत. बाजारात पेट्या आलेल्या असत, दुकानावरून जाताना घमघमाट येई, पण घरात आंबा नाही. त्या दिवसाचा पहिला आमरस, वर तुपाची धार आणि चिमूटभर मिरपूड, आणि शेजारून आलेल्या वाटीत सुंठ घातलेला गुजराती रस. हापूस संपत आला की गीरचा केसर येतो आणि तोही गेला की आंब्याचे नाव पुढच्या वर्षीच. चातुर्मासात कांदा-वांगे वर्ज्य करण्यामागेही, धर्माचे काय असेल ते असो, जिभेला वाट पाहायला लावण्याचे मोठे शहाणपण होते. आषाढातल्या कांदेनवमीला कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठे असे पोटभर खाऊन घ्यायचे आणि मग थेट चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याच्या भरीत-रोडग्यानेच तो उपास सुटायचा. साडेचार-पाच महिन्यांनी भाजलेल्या वांग्याचा वास घरात फिरला की, ताटावर बसायला कुणाला हाक मारावी लागत नसे. आज आमच्या घरातही हा नियम सर्वजण पाळत नाहीत आणि मी त्यासाठी कुणावर जबरदस्ती करत नाही. पण आपल्या पुरवणीने निदान त्या भरीताची कृती चंपाषष्ठीच्या आधीच्या रविवारी छापावी, असे मला मनापासून वाटते.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात लिहिते. पालेभाज्यांना चिखल आणि कीड फार असते म्हणून त्या दिवसांत आम्ही त्या कमी करतो आणि वेलीवरच्या भाज्यांवर भर देतो. करटोली जेमतेम काही आठवडे मिळतात, ती सोडू नयेत. पंचमहालातून मक्याची कणसे येतात. कणीस तोडल्यापासून त्यातल्या साखरेचे पिठूळ होऊ लागते, म्हणून ते आणल्या दिवशीच भाजावे किंवा किसावे. दुसऱ्या दिवशी ते कणीसच राहते, पण गोडी निघून गेलेली असते. ऋषिपंचमीची भाजी आणि पितृपक्षातले अळू हे त्या ऋतूचे दोन मोठे स्वयंपाक. अळूत चिंच किंवा आंबट चुका का घालायचा, देठ सोलताना हाताला तेल का लावायचे, घशाला खाजणारे अळू कोणते आणि वडीचे कोणते, हे कृतीत कुणी लिहीत नाही. मात्र नव्या मुलीचे पहिल्यांदा चुकते ते तिथेच.

आता माझ्या म्हणण्यावर जो आक्षेप घेतला जाईल त्याबद्दल. नोकरी करणाऱ्या, दूरच्या उपनगरात राहणाऱ्या मुलींना खंडेराव मार्केटात जाऊन पापडी मोडून पाहायला सवड कुठे आहे, असे आपण म्हणाल. मी स्वतः तीस वर्षे नोकरी केली. शाळा सुटल्यावर पिशवी घेऊन बाजारात गेले आहे आणि कित्येकदा बटाट्याच्या काचऱ्यांवर रात्र काढली आहे. गोठवलेल्या मटारांना माझा मुळीच विरोध नाही. पौष-माघात मटार भरपूर आणि स्वस्त असतात, तेव्हा ते सोलून, उकळत्या पाण्यातून काढून, पिशव्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवणे हेसुद्धा ऋतू ओळखूनच केलेले काम आहे. आमच्या आयांनी सांडगे, पापड आणि लोणची केली ती याच विचाराने. फरक एवढाच पडतो की, ज्येष्ठात मटारची करंजी वाचून जी मुलगी बाजारात जाईल तिला तो महाग मिळेल, बेचव मिळेल, करंजी साधारण होईल, आणि आपल्या हाताला चव नाही असे तिला वाटेल. दोष हाताचा नसतो, महिन्याचा असतो. हे तिला सांगणारे मोठे माणूस आता पुष्कळ घरांत नाही. ते काम आपले पान करू शकते. हंगामात भाजी सर्वांत ताजी, सर्वांत चवदार आणि सर्वांत स्वस्त असते, आणि बेताच्या कमाईत घर चालवणाऱ्या कुटुंबाने चार माणसांना चांगलेचुंगले खाऊ घालायचे तर याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

आपल्याकडे वाचकांची कमतरता नाही. मुंबई-पुण्याबरोबर बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव अशा गावांतही आपला अंक वाचला जातो. प्रत्येक गावच्या एखाद्या वाचकाने दर आठवड्याला आपल्या बाजारात काय नवे आले आणि काय संपत आले, एवढे चार ओळींत कळवायचे ठरवले तर पाककृतीच्या पानाच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट सहज भरेल. इंदूरचे गराडू म्हणजे आपलेच कोनफळ की त्याचे भावंड, असल्या प्रश्नांवर वाचकांची पत्रे येतील आणि काही वर्षांत मराठी घरांच्या स्वयंपाकाचे एक चांगले पंचांगच आपल्याकडे जमा होईल. बडोद्यापुरती ही जबाबदारी मी आनंदाने घेईन. त्यासाठी मला कोणतेही मानधन नको.

आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सकाळी मार्केटात जाऊन आले, त्याचीच नोंद नमुन्यादाखल देते.

बडोदे, मार्गशीर्षाचा पहिला आठवडा. ओली तूर आली आहे, पण दाणा अजून लहान आहे. करंजीसाठी आठवडाभर थांबावे, आमटीला चालेल. सुरती पापडी थोडी आणि महाग. कोनफळ उत्तम, मोठे घेऊ नये, हाताच्या पंजाएवढे आणि वजनाला जड घ्यावे, साल नखाने खरवडून आतला जांभळा रंग पाहावा. आंबेहळद आणि ओली हळद दोन्ही आल्या आहेत, चकत्या करून लिंबू-मिठात घालाव्यात. डिंगऱ्या कोवळ्या आहेत, दह्यात कोशिंबीर करावी. सीताफळे संपत आली आहेत, आता घेतलेली फारशी गोड लागत नाहीत. हिरवा लसूण कालपासून दिसू लागला आहे. पात कोवळी आणि खालचा गड्डा कांद्याच्या पातीसारखा बारीक असलेली जुडी निवडावी. भरताची वांगी पुढच्या आठवड्यातल्या चंपाषष्ठीसाठी आजच घेऊ नयेत, दोन दिवस आधी घ्यावीत. हातात हलकी लागतील ती बियांना कमी असतात. ती विस्तवावर किंवा गॅसवर सगळीकडून फिरवत, देठाजवळचा भागही मऊ होईपर्यंत भाजावीत आणि सोलल्यावर पाण्याने धुऊ नयेत. हिरवा लसूण पातीसकट बारीक चिरून, तो भरतात अगदी शेवटी, ताट वाढायच्या वेळी घालावा.

कळावे,

आपली विश्वासू,
एक जुनी वाचक, दांडिया बाजार, बडोदे